चिरतरुण पात्रें व त्यांचे अनाम कर्ते

कथेंतील पात्रांविषयींच्या बारीकसारीक माहितीस आपल्याकडील विद्वान् मंडळी सहसा इतिहासांत जमा करीत नाहींत. अमक्या पात्राची टोपी तशी कां, तमक्याचें खरें नांव काय, अमकी मुलगी प्रथम कोणत्या अंकांत आली, ह्या चौकशा मुलांच्या आणि फावल्या वेळाच्या मानल्या जातात. आमचें मत थोडें निराळें आहे. ज्या वाङ्मयावर कर्त्याचें नांव छापण्याची रीतच नव्हती, त्याचा इतिहास लिहावयाचा झाल्यास अशा फुटकळ गोष्टींखेरीज दुसरें साधन फारसें हातीं राहत नाहीं. नाणीं, वीरगळ आणि मोडी कागदांच्या समासांतील नोंदी ह्यांवरून इतिहास उभा करणाऱ्या महाराष्ट्रास हें नव्यानें सांगावयास नको. अमेरिकेंतील 'आर्ची' ह्या विनोदी चित्रमालिकेचें उदाहरण घेऊन हें म्हणणें आम्ही येथें पडताळून पाहणार आहों.

'आर्ची' हें नांव आमच्या वाचकांस अगदींच अपरिचित असण्याचा संभव कमी. इंग्रजी जाणणाऱ्या मराठी घरांतून ह्या मालिकेचीं लहान आकाराचीं जाड पुस्तकें पुष्कळ वाचलीं गेलीं आहेत. मुंबई-पुण्याच्या पदपथांवरील जुन्या पुस्तकांच्या ढिगांत तीं सांपडत, आणि पुस्तकें भाड्यानें देणाऱ्या वाचनालयांत त्यांस चांगली मागणी असे. तथापि ज्यांनीं तीं वाचलीं नसतील त्यांच्यासाठीं पात्रांचा परिचय थोडक्यांत करून देतों. रिव्हरडेल नांवाचें एक लहानसें अमेरिकन गांव. तें कोणत्या प्रांतांत आहे हें मालिकेनें एकदांचें नक्की असें सांगितलेलें नाहीं. तेथील शाळेंत शिकणारा, तांबड्या केंसांचा, धांदरट पण मनाचा निर्मळ आर्ची अँड्र्यूज हा नायक. साध्या घरची, सोनेरी केंसांची बेटी कूपर आणि धनाढ्य बापाची, काळ्या केंसांची व्हेरोनिका लॉज ह्या दोघींमध्यें त्याचें चित्त सदैव दोलायमान. जगहेड हा त्याचा जिवलग मित्र, खादाड आणि मुलींपासून चार हात दूर राहणारा; रेजी मँटल हा प्रतिस्पर्धी, आढ्यतेखोर व खोडसाळ. मुख्याध्यापक वेदरबी, शिक्षिका मिस ग्रंडी, पॉप टेटचें उपाहारगृह आणि आर्चीची खिळखिळी मोटार एवढ्या सामग्रीवर ही मालिका १९४१ पासून चालत आली, आणि इतक्या वर्षांत तिचा नायक शाळकरी वयाच्या पुढें कायमचा असा कधीं गेला नाहीं.

आर्चीचा जन्म 'पेप कॉमिक्स' ह्या मासिकाच्या २२ व्या अंकांत झाला. अंकावर डिसेंबर १९४१ हा महिना छापलेला आहे. त्याच महिन्यांत जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला व अमेरिका महायुद्धांत उतरली. 'पेप'चे मालक मॉरिस कॉइन, लुई सिल्बरक्लाइट व जॉन गोल्डवॉटर हे तिघे भागीदार. त्यांच्या पहिल्या नांवांच्या आद्याक्षरांवरून १९३९ सालीं स्थापन झालेल्या कंपनीस 'एम्. एल्. जे.' हें नांव पडलें होतें. त्या काळीं अशा मासिकांत चलती होती ती अचाट पराक्रमी वीरांची. 'पेप'चा मुख्य वीर 'शील्ड' हा अमेरिकेच्या निशाणाचा पोशाख अंगावर घालून लढत असे, आणि सुप्रसिद्ध 'कॅप्टन अमेरिका'च्या एक वर्षाहून अधिक आधीं, म्हणजे जानेवारी १९४० च्या अंकांत, तो अवतरला होता. असल्या वीरांच्या गर्दींत, आंतल्या पानांवर, व्हिक ब्लूम ह्यांनीं लिहिलेली व बॉब माँटाना ह्यांनीं चितारलेली एका सामान्य मुलाची गोष्ट छापली गेली. आपणांस आर्ची न म्हणतां 'चिक' म्हणावें असा त्या मुलाचा आग्रह होता. तो पुढें कोणीं मानला नाहीं. बेटी व जगहेड हीं दोघें त्याच गोष्टींत प्रथम आलीं. विशेष हें कीं, ह्या पहिल्या गोष्टींत बेटीवर छाप पाडण्यासाठीं धडपडतो तो आर्ची. पुढें अनेक दशकें बेटीच त्याच्यासाठीं झुरत राहिली, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस हा आरंभ वाचून मौज वाटेल.

हा उलटा फेरा होण्यास कारण झाली ती व्हेरोनिका. ती एप्रिल १९४२ च्या 'पेप'मध्यें, म्हणजे २६ व्या अंकांत आली आणि त्रिकोण पुरा झाला. त्याच वर्षीं रेजी आला, आणि वर्ष संपण्याच्या सुमारास आर्चीच्या नांवाचें स्वतंत्र मासिकहि निघालें. १९४३ पासून पुढें दहा वर्षें तो रेडिओवर ऐकूं येऊं लागला. १९४६ सालीं कंपनीनें आपलें जुनें नांव टाकून आर्चीचें नांव धारण केलें, आणि दशक संपण्यापूर्वींच शील्ड 'पेप'मधून नाहींसा झाला. निशाण पांघरलेल्या वीरास धड मोटार न चालवितां येणाऱ्या पोरानें घराबाहेर काढलें, आणि घराच्या दारावर आपली पाटी लावली, असा हा प्रकार होता.

आतां ह्या पोराचा जन्मदाता कोण हा प्रश्न. कल्पना आपली, असें गोल्डवॉटर ह्यांचें म्हणणें होतें. त्या सुमारास मिकी रूनी ह्या नटाचे अँडी हार्डी नांवाच्या मुलाविषयींचे बोलपट अमेरिकेंत फार लोकप्रिय होते, व तशाच एका मुलाची गोष्ट मासिकांत खपेल हें व्यापारी दृष्टीच्या माणसास सुचणें स्वाभाविक होतें. ह्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु रिव्हरडेलची शाळा नीट न्याहाळली तर तेथें दुसऱ्याच एका माणसाच्या खुणा दिसतात. माँटाना १९३६ ते १९३९ ह्या वर्षांत मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील हेव्हरहिल ह्या गांवच्या शाळेंत शिकत होते, आणि त्या वयांतच ते सचित्र रोजनिशी ठेवीत. त्या शाळेंत रोदँ ह्या फ्रेंच शिल्पकाराच्या 'विचारवंत' ह्या पुतळ्याची प्रतिकृति होती. हनुवटीखालीं हात घेऊन बसलेला तोच पुतळा माँटानांच्या रिव्हरडेलच्या शाळेंतहि दिसतो. गोष्टीस त्याची कांहीं गरज नाहीं. असा पुतळा एखाद्या मालकाच्या योजनेंतून येत नसतो. ज्यानें त्याच्या शेजारीं उभें राहून घंटेची वाट पाहिली, त्याच्याच हातून तो कागदावर उतरतो. वृत्तपत्रांतील 'आर्ची'ची रोजची मालिका १९४६ सालीं सुरू झाली आणि माँटानांनीं ती १९७५ च्या जानेवारींत मृत्यु येईपर्यंत चालविली. तरीहि कित्येक वर्षांनीं ह्या पितृत्वाचा जो तोडगा छापून येऊं लागला तो असा: आर्चीचीं पात्रें निर्माण केलीं गोल्डवॉटर ह्यांनीं, मूळ पात्रांचीं रूपें निर्माण केलीं माँटाना ह्यांनीं. पात्र एकाचें आणि त्याचा चेहरा दुसऱ्याचा! शब्दांच्या वाङ्मयांत अशी वांटणी एकवेळ करतां येईल; चित्रांच्या वाङ्मयांत चेहरा वजा केल्यावर पात्र म्हणून काय उरतें, हें आम्हांस तरी सांगतां येणार नाहीं. आणि पहिल्या गोष्टीचे लेखक व्हिक ब्लूम ह्यांचें नांव तर ह्या वांटणींत कोठेंच नाहीं.

कर्त्याची खूण जशी पुतळ्यांत आहे तशी काळाची खूण जगहेडच्या टोपींत आहे. नव्या वाचकांस ती टोपी म्हणजे एखाद्या विदूषक राजाचा मुकुट वाटते. वास्तविक ती बापाची टाकाऊ फेल्ट हॅट होय. तिची कड वर दुमडावयाची, कात्रीनें तिला करवतीसारखे दांते पाडावयाचे आणि ती डोक्यावर चढवून उंडारावयाचें, ही १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकन पोरांची व तरुण कामगारांची आवडती तऱ्हा होती. तऱ्हा गेली, हॅट घालणारे बापहि गेले. जगहेडच्या डोक्यावर टोपी तशीच राहिली. ह्या आळशी पोराचें खरें नांव मात्र फॉर्सिथ पेंडल्टन जोन्स तिसरा असें लांबलचक व खानदानी आहे. त्याच्या सदऱ्यावरील 'एस्' ह्या अक्षराचा अर्थ काय, हा वाचकांचा जुना वाद आहे. आर्चीची मोटारहि अशीच. १९४१ सालीं शाळकरी मुलास परवडेल अशी गाडी म्हणजे फोर्डची जुनी 'मॉडेल टी'. ती कारखान्यांत तयार होणें १९२७ सालींच बंद झालें होतें. म्हणजे जन्मतःच ती विनोदाची गाडी होती. परंतु चाळीस वर्षांनंतरहि आर्ची तसलीच गाडी ढकलीत होता, तेव्हां विनोद संपून तिला पुराणवस्तूची कळा आली होती.

हें सारें असें गोठून कां राहिलें, ह्याचें एक कारण १९५४ ह्या वर्षांत सांपडतें. त्या वर्षीं डॉ. फ्रेड्रिक वर्थम ह्यांनीं चित्रकथा मुलांस बिघडवितात असा आरोप करणारें पुस्तक प्रसिद्ध केलें, अमेरिकेच्या सिनेटच्या एका उपसमितीपुढें ह्या धंद्याची चौकशी झाली, आणि भयभीत प्रकाशकांनीं आपण होऊनच एक आचारसंहिता स्वतःवर लादून घेतली. प्रकाशकांच्या ह्या संघाच्या अध्यक्षपदीं पुढें दीर्घकाळ राहिलेले गृहस्थ दुसरे तिसरे कोणी नसून आर्चीचे गोल्डवॉटर हेच होत. खुनाच्या व भुताखेतांच्या मासिकांपैकीं अनेकांस त्या संहितेनें मूठमाती मिळाली. रिव्हरडेलला तिचा जाच होण्याचें कारणच नव्हतें. त्याच वर्षीं 'मॅड' ह्या नियतकालिकानें 'स्टार्ची' नांवाचें एक विडंबन छापून ह्या गोंडस गांवाच्या पोटांत कसा गुंडपणा दडला असेल तें रंगविलें. परंतु आई-बापांनीं निःशंक मनानें मुलांच्या हातीं द्यावें असें मासिक हीच 'आर्ची'ची मोठी किंमत ठरली, आणि जें निर्धोक म्हणून खपतें तें बदलण्याचें धाडस कोणी सहसा करीत नाहीं.

न बदलणाऱ्या ह्या गांवांत काम करणारे हात मात्र बदलत होते. त्या काळच्या गोष्टींवर लेखकाचें अथवा चित्रकाराचें नांव बहुधा नसे. तरी लक्ष देऊन वाचणाऱ्यांस हात ओळखूं येऊं लागले. सॅम श्वार्त्झ ह्यांनीं जगहेडच्या गोष्टी वर्षानुवर्षें काढल्या. मागच्या बाजूस, मुख्य गोष्टीशीं संबंध नसलेली, एखादी बारीक गंमत घालून ठेवणें ही त्यांची लकब. हॅरी ल्यूसी ह्यांचीं पात्रें सर्वांगानें बोलतात. शब्द झांकून ठेवले तरी कोण रागावलें व कोण लाजलें हें कळतें. ह्या सर्वांस हजारों गोष्टी लिहून पुरविणारे फ्रँक डॉयल ह्यांची खूण संवादांच्या चपळ टोलेबाजींत दिसते. आणि १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत आलेले डॅन डीकार्लो ह्यांच्या बेटी व व्हेरोनिका तर इतक्या लोकप्रिय झाल्या कीं त्यांचेंच वळण हें कंपनीचें वळण ठरलें. बेटीचे केंस मागें बांधलेले आणि व्हेरोनिकाचे मोकळे. पण केंस झांकले तर दोघींचा चेहरा एकच! आर्चीस दोघींतून निवड करतां आली नाहीं ह्यांत नवल कसलें, असें वाचक थट्टेनें म्हणत आले आहेत.

नांवाविना काम करणाऱ्यांची ही परंपरा चित्रांपुरतीच राहिली नाहीं. १९६८ सालीं अमेरिकन दूरचित्रवाणीवर आर्चीचीं चलच्चित्रें सुरू झालीं आणि त्यांत ह्या मुलांचा एक वाद्यवृंद कल्पिला गेला. त्या वृंदाच्या नांवावर निघालेलें 'शुगर, शुगर' हें गीत १९६९ सालीं अमेरिकेंतील 'बिलबोर्ड'च्या यादींत चार आठवडे पहिल्या स्थानावर होतें. गीत रचलें होतें जेफ बॅरी व अँडी किम ह्यांनीं. मुख्य आवाज होता रॉन डांटे ह्यांचा. परंतु ध्वनिमुद्रिकेवर गायक म्हणून छापलें होतें 'दि आर्चीज' एवढेंच. ज्यांस कंठ नाहीं अशा शाईच्या मुलांनीं कीर्ति मिळविली, आणि ज्याच्या कंठांतून ती निघाली तो पडद्याआड राहिला. त्याच वर्षीं 'आर्ची' मासिकाचा खप दर अंकास सरासरी पांच लाखांच्या वर गेला व अमेरिकेंतील चित्रकथांच्या मासिकांत तें अग्रभागीं आलें.

ह्या व्यवस्थेंतील खरें दुःख डीकार्लोंच्या अखेरच्या वर्षांत उघडें पडलें. त्यांची पत्नी जोसी ही त्यांस महायुद्धाच्या काळांत, ते सैन्यांत असतांना, बेल्जममध्यें भेटली होती. तिच्याच नांवाची एक तरुणी त्यांनीं चित्रमालिकेसाठीं कल्पिली आणि १९६३ सालीं त्या जोसीच्या नांवाचें मासिक ह्याच कंपनीनें काढलें. पुढें जोसीचा व तिच्या मैत्रिणींचा एक वाद्यवृंद झाला. त्यांचा मांजरीचा पोशाख पत्नीनें एका जलप्रवासांत घातलेल्या वेषावरून सुचल्याचें ते सांगत. २००१ सालीं ह्या जोसीवर बोलपट निघाला. तो निघण्याच्या सुमारास पात्रावरील आपल्या हक्काचा प्रश्न डीकार्लोंनीं न्यायालयांत नेला. चाळीस वर्षांच्या सेवेनंतर २००० सालीं कंपनीनें त्यांचें काम बंद केलें. न्यायालयांत त्यांचा दावा टिकला नाहीं. आणि डिसेंबर २००१ मध्यें ते निवर्तले. कायद्याच्या दृष्टीनें निकाल योग्यहि असेल. परंतु नांव पत्नीचें, वेष पत्नीचा, रेषा स्वतःची, आणि तरी ती निर्मिति आपली नव्हे असें ज्यास ऐकावें लागलें त्या वृद्धाच्या मनाची अवस्था समजण्यास कायद्याचें ज्ञान लागत नाहीं.

अलीकडील काळांत ह्या मालिकेंत वरवर पाहतां मोठ्या उलथापालथी झाल्या. २००९ सालीं आरंभ झालेल्या एका कथामालेंत आर्चीचें लग्न प्रथम व्हेरोनिकाशीं व नंतर बेटीशीं झालें. दोन्ही संसार भविष्यांतील संभाव्य वाटा म्हणून दाखविले होते, त्यामुळें सतरा वर्षांचा आर्ची ब्रह्मचारीच राहिला. २०१० सालीं केव्हिन केलर हा समलिंगी विद्यार्थी रिव्हरडेलमध्यें आला, आणि २०१४ सालीं त्याच भविष्यकाळांतील प्रौढ आर्चीनें केव्हिनवर झाडलेली गोळी आपल्या अंगावर घेऊन प्राण सोडला. दुसऱ्या मासिकांतील आर्ची अर्थातच जिवंत होता. २०१५ पासून मार्क वेड व फिओना स्टेपल्स ह्यांनीं मालिकेस नवें रूप दिलें. ह्या घडामोडींची बातमी सर्वत्र झाली. आमच्या दृष्टीनें त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, केव्हिनचे कर्ते डॅन पॅरेंट, लग्नाच्या कथेचे लेखक मायकेल उस्लान व तिचे चित्रकार स्टॅन गोल्डबर्ग हीं नांवें वाचकांस गोष्टीबरोबरच कळलीं. तीं हुडकीत बसावें लागलें नाहीं.

आपल्या घरांतून आलेल्या त्या लहान जाड पुस्तकांकडे ह्या दृष्टीनें पुन्हां पाहावें असें आम्ही सुचवितों. त्यांत निरनिराळ्या दशकांतील गोष्टी एकाच बांधणींत शेजारीं शेजारीं असत. वर साल नसे, आणि जुन्या गोष्टींवर नांवहि बहुधा नसे. एका गोष्टींत मुलींचे झगे घोट्याच्या किंचित् वर, पुढच्या गोष्टींत गुडघ्याच्या वर, तिसरींत पाटलोणींचे पायघोळ. चेहरे तेच, उपाहारगृह तेंच. आपल्याकडील मुलांस अमेरिका भेटली ती अशी, सर्व काळ एकत्र मिसळलेली. २०२३ सालीं झोया अख्तर ह्यांनीं काढलेल्या 'दि आर्चीज' ह्या हिंदी चित्रपटानें रिव्हरडेल हें १९६४ सालचें भारतांतील एक थंड हवेचें कल्पित गांव केलें व पात्रें अँग्लो-इंडियन समाजांतील दाखविलीं. मूळ मालिकेनें जें सांगण्याचें टाळलें, तें स्थळ आणि तो काळ, आपल्या देशांतील रूपांतरानें निश्चित केला, हें आम्हांस लक्षणीय वाटतें.

पात्रें एका कर्त्याच्या हातीं राहिलीं असतीं तर त्याच्याबरोबर संपलीं असतीं; अनेकांनीं आपलें नांव विसरून काम केलें म्हणूनच आर्ची टिकला, असें कोणी म्हणेल. ह्यांत सत्याचा अंश आहे, आणि ओव्या रचणाऱ्या आमच्या आजी-पणजींचीं नांवें तरी आपणांस कोठें ठाऊक आहेत? पण ओवीवर कोणी मालकी सांगितली नाहीं, आणि तिच्या उत्पन्नावर कोणी कंपनी चालविली नाहीं. जेथें मालकाचें नांव पहिल्या दिवसापासून मुखपृष्ठावर असतें, तेथें कारागिराचें नांव नसणें ही नम्रता नसून वजाबाकी असते. ती भरून काढण्याचें काम न्यायालयानें केलें नाहीं. कांहीं अंशीं तें केलें तें टोपीचे दांते, पुतळ्याची जागा, केंसांचें वळण असल्या बिनमहत्त्वाच्या गोष्टी मन लावून टिपणाऱ्या वाचकांनीं. श्वार्त्झ, ल्यूसी, डॉयल हीं नांवें आज घेतां येतात त्याचें श्रेय पुष्कळसें त्यांचें आहे. घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी पुस्तकांत डोकें घालून असल्या क्षुल्लक चौकशा करूं लागली, तर तिला अभ्यासाची आठवण देण्यापूर्वीं वडील मंडळींनीं क्षणभर थांबावें. ही गोष्ट कोणीं काढली असेल, असा एक प्रश्न त्यांनीं तिला आपण होऊन विचारावा.